घरी आल्या दिवसापासून



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे गिरडला जमतो, त्यांचं आयुष्य लहान लेकरांत गेलं. म्हणून आज एका लहान लेकराविषयीच बोलणार आहे. विदर्भातल्या एखाद्या शिशुगृहातून ते वर्ष-दीड वर्षाचं असताना परदेशातल्या घरी दत्तक जातं. तिथे त्याची वाढ कशी होते? ते कधी बोलतं, कधी धावतं, कधी आईला आई मानतं? हा आजचा विषय.

गिरडात परदेशी दत्तकाचं काय काम, असं काहींच्या मनात आलं असेल. काम आहे. शिशुगृहात येणारी लेकरं आकाशातून पडत नाहीत. ती आपल्यासारख्या गावांतून, आपल्यासारख्या घरांतून, एखाद्या घाबरलेल्या मुलीच्या कुशीतून येतात. आणि दुसरं कारण या टेकडीवरच आहे. बाबा शेख फरीद मूळचे इथले नव्हेत. तीस वर्षं फकिरीत हिंडून ते या टेकडीवर आले आणि इथलेच झाले, अशी जुनी परंपरा आहे. त्यांच्या दर्ग्यावर हिंदूही माथा टेकतात, मुसलमानही टेकतात. लांबून आलेल्याला आपलं म्हणणं या गावाला कुणी शिकवायला नको.

आणखी एक उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच. वर्धा म्हटलं की जमनालाल बजाज यांचं नाव येतं. पण जमनालालजी जन्माने वर्ध्याचे नव्हते. त्यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1889 चा, राजस्थानात सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यातला. पाचेक वर्षांचे असताना वर्ध्याच्या शेठ बच्छराजांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतलं. जन्मदात्यांनी पैसा घेतला नाही, तेव्हा शेठजींनी त्या कोरड्या गावाला विहीर बांधून दिली, अशी हकीकत सांगतात. विचार करा, त्या पोराचं काय झालं असेल? गाव गेलं, आई नजरेआड झाली, मारवाडी बोलीच्या जागी रस्त्यावर मराठी आली, वाळूच्या जागी काळी माती आली. आजच्या भाषेत सांगायचं, तर ते परदेशीच गेलं होतं! तेच पोर पुढे वर्ध्याचं भूषण झालं. त्यांच्याकडे मी नंतर पुन्हा येईन, कारण त्यांच्या आयुष्यात दत्तकाची गोष्ट एकदा घडून संपली नाही.

आज मी चार गोष्टी क्रमाने सांगणार आहे. पहिली शरीराची, दुसरी हालचालीची आणि खेळाची, तिसरी भाषेची, चौथी मायेची. चारही गोष्टींतून सांगायचं मात्र एकच आहे. दत्तक लेकराची प्रगती मोजायची, तर त्याच्या जन्मतारखेपासून मोजू नका, ते घरी आलं त्या दिवसापासून मोजा. शेजारच्या पोराशी त्याची तुलना करू नका. त्याची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करा. एवढं एक सूत्र आईबापांना समजलं, तर निम्मी चिंता तिथेच मिटते.

आता एक लेकरू डोळ्यांसमोर आणू. मी कुणा एका मुलीची ओळख उघड करत नाही. अशा अनेक लेकरांत वारंवार जे दिसतं, ते एकत्र करून सांगतो. मुलगी सोळा महिन्यांची. शिशुगृहात काळजी घेणाऱ्या मावश्या चांगल्या, पण एका मावशीकडे सात-आठ लेकरं आणि पाळी बदलली की माणूस बदलतो. मुलीला घ्यायला आलेलं जोडपं मराठीच, पण जर्मनीत स्थायिक झालेलं. कागदपत्रं झाली, पासपोर्ट झाला, विमान झालं. पहिल्या आठवड्यात घरात काय दिसतं? तिच्या दोन्ही हातांत दोन बिस्किटं दिली, तर ती खात नाही, घट्ट धरून ठेवते. झोपेतसुद्धा सोडत नाही. ताटात वाढलेलं संपेपर्यंत खाते आणि उलटी होईपर्यंत थांबत नाही. बागेत हिरवळीवर उभं केलं, की पाय उचलून घेते, कारण गवतावर पाय ठेवायची ही पहिलीच वेळ. बाबांनी जवळ घेतलं तर अंग ताठ करते, कारण आजवर तिच्या जगात पुरुष जवळपास नव्हतेच. रात्री जाग आली तर रडत नाही. अंथरुणात बसून पुढेमागे डोलत राहते. पडली, कपाळाला टेंगूळ आलं, तरी आवाज नाही. आणि दारात कुणीही अनोळखी आलं, की हात पसरून त्याच्याकडे जाते. पाहुणे म्हणतात, “किती गुणी लेकरू! रडत नाही, कुणाकडेही जातं!”

मंडळी, हे गुण नव्हेत. ही खूण आहे. कशाची, ते चौथ्या मुद्द्यात सांगतो. आधी शरीर.

संस्थेत वाढणाऱ्या लेकरांची उंची मागे पडते. या क्षेत्रातल्या डॉक्टरांनी एक ढोबळ अंदाज बांधून ठेवला आहे. संस्थेत काढलेल्या दर तीन महिन्यांमागे साधारण एक महिन्याची उंची मागे राहते. कारणं पुष्कळ. जन्माच्या वेळचं कमी वजन, आईचं उपाशी पोट, जंत, वारंवार होणारे जुलाब, लोहाची कमतरता, उन्हाशिवाय गेलेले दिवस. पण एक कारण असं आहे, की ते ताटात दिसत नाही. सतत एकटं पडलेल्या, कुणी उचलून न घेतलेल्या लेकराच्या शरीरात वाढीचं संप्रेरकच मंदावतं. पोटभर दूध मिळूनही वाढ खुंटते. मायेचा वाढीशी संबंध आहे हे आपल्या आज्या सांगायच्या. आता ते रक्तातही तपासता येतं.

आणि घरी आल्यावर? घरी आल्यावर हेच लेकरू झपाट्याने वाढतं. वजन आधी भरतं, मग उंची धरते, डोक्याचा घेर सर्वांत सावकाश येतो. सहा महिन्यांत कपडे आखूड होतात. इथे आईबापांनी एक लक्षात ठेवायचं. शरीर भराभर वाढतं तेव्हा त्याला लोहही भराभर लागतं. आलं तेव्हा रक्त बरं होतं, म्हणून निर्धास्त राहू नका. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा, कारण वाढीच्या भरातच लोह कमी पडण्याची शक्यता असते.

याच मुद्द्यात आणखी एक गोष्ट, वयाची. टाकून दिलेल्या लेकराची जन्मतारीख कुणाला ठाऊक असते? डॉक्टर वजन बघतात, दात मोजतात, अंदाजाने तारीख लिहितात. लेकरू कुपोषित असेल, तर अंदाज काही महिन्यांनी चुकू शकतो. मग त्याच कागदी तारखेवरून “अजून चालत नाही, अजून बोलत नाही” अशी काळजी सुरू होते. म्हणून मी म्हणतो, तारखेला धरून बसू नका.

स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींचा तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी बरीच वर्षं पाठपुरावा केला. त्यांना दिसलं, की लहानपणी या मुलींनी जोरात भरपाई केली. पण त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना पाळी लवकर आली, सरासरी साडेअकरा वर्षांच्या सुमारास, आणि त्यामुळे उंची वाढायचा काळ कमी झाला. मोठेपणी त्यांची सरासरी उंची 154 सेंटिमीटरच्या आसपास राहिली. हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. पहिल्या वर्षी वजनकाटा खूश करतो, म्हणून डॉक्टरकडे जाणं थांबवू नये, मुलगी दहा-बारा वर्षांची होईपर्यंत वाढीचा तक्ता भरत राहावा, एवढ्यासाठी सांगतो. अंगणवाडीतल्या ताई हा तक्ता रोज बघतात, त्यांना हे लगेच पटेल.

दुसरा मुद्दा, हालचाल आणि खेळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी लेकरं एकट्याने चालायला लागतात ती आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत कधीही. बघा, केवढा हा पल्ला! तरी आपल्याकडे अकराव्या महिन्यात शेजारीण विचारते, “अजून चालत नाही का?” मग जे लेकरू दिवसाचे कितीतरी तास लोखंडी पाळण्यात पडून होतं, त्याचं काय? त्याच्या मांड्यांत बळ नसतं, पाठ लवकर दमते. ते सोळाव्या महिन्यात धरून उभं राहतं आणि हात सोडला की बसतं. आईबापाला वाटतं, मेंदूत काही दोष असेल का?

आपल्या देशात हे तपासायचं चांगलं साधन आहे. बडोद्याच्या डॉ. प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांसाठी विकासाची मापनश्रेणी तयार केली. तिच्यात हालचालीच्या 67 आणि बुद्धीच्या 163 पायऱ्या आहेत. घंटी वाजली की मान वळते का, ठोकळ्यावर ठोकळा ठेवतं का, कपड्याखाली लपवलेली वस्तू शोधतं का, असं एकेक बघत जायचं. आपल्या त्या मुलीला पहिल्या आठवड्यात ठोकळे दिले, तर ती एक उचलते, तोंडात घालते, टाकते. ठोकळ्याशी खेळता येतं, हेच तिला ठाऊक नाही. महिन्याने ती दोन ठोकळे एकमेकांवर आपटते. तीन महिन्यांनी एकावर एक ठेवते आणि वर बघते. कुणाकडे बघते? आईकडे! ते बघणं फार महत्त्वाचं आहे. ठोकळ्याची पायरी तक्त्यात लिहा, पण आईकडे बघितलं हेही लिहा. सहा महिन्यांत ती धावते, वर्षभरात सोफ्यावरून उड्या मारते. तिच्यात दोष नव्हता, तिला संधी मिळाली नव्हती. जिथे खरोखर दोष असतो तिथेही लवकर कळलं तर उपचार लवकर होतात. म्हणून तपासणी टाळू नका, आणि पहिल्या आठवड्याच्या तपासणीवर निकालही देऊ नका.

तिसरा मुद्दा भाषेचा. इथे दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. कुणी म्हणतं, लेकरू लहान आहे, त्याला कुठली भाषा! कुणी म्हणतं, दोन-तीन भाषांत पोर गोंधळून जाईल. दोन्ही खरं नाही. बोलण्याआधी कितीतरी महिने लेकरू ऐकत असतं. विदर्भातल्या शिशुगृहातल्या मुलीने “ये वं माय”, “चाल, आंघोळ करू” असं रोज ऐकलेलं असतं. तिला घेऊन जाणारं घर मराठी असेल, तर तिचं नशीब चांगलं. सगळं बदललं, पण आवाजाची ओळख राहिली. माझं परदेशातल्या मराठी आईबापांना नेहमी सांगणं असतं, की पाळणाघरातली जर्मन किंवा इंग्रजी येईलच. घरात तुम्ही मराठीच बोला, भरपूर बोला, भाजी चिरताना बोला, बूट घालताना बोला.

घर मराठी नसेल तर? तरी घाबरायचं कारण नाही. दोन वर्षांच्या आत आलेली बहुतेक लेकरं वर्ष-दोन वर्षांत नव्या भाषेत बरोबरीला येतात. जुनी भाषा मात्र फार लवकर जाते, काही महिन्यांत जाते. फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांचा मोठेपणी मेंदू तपासला, तेव्हा कोरियन ऐकताना तो इतर फ्रेंच माणसांसारखाच वागला. पण पुढे कॅनडात, चीनमधून तान्ह्या वयात आलेल्या मुलींचा अभ्यास झाला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. या मुलींना चिनी भाषेचा एक शब्दही कळत नव्हता. तरी चिनी स्वर कानावर पडले, की त्यांचा मेंदू चिनी बोलणाऱ्यांसारखाच प्रतिसाद देत होता. केवढी ही गोष्ट! आयुष्याच्या पहिल्या वर्षात कानावर पडलेलं कुठेतरी राहतंच. म्हणून शिशुगृहातल्या मावश्यांनो, तान्ह्या लेकराशी बोलत जा. ते परक्या देशात जाणार आहे, त्याला काय कळतंय, असं म्हणू नका.

शब्द मोजतानाही तेच सूत्र. घरी येऊन तीन महिने झालेल्या लेकराकडून तीन महिन्यांच्या ओळखीएवढीच भाषा मागा. आधी त्याला कळतं का ते बघा. “चेंडू आण” म्हटल्यावर आणतं का? कळत असेल तर बोलेल. आणि कळतही नसेल, तर आधी कान तपासा. संस्थेतल्या लेकरांना सर्दी आणि कानाचं दुखणं वारंवार होतं, कानात पाणी साचतं, ऐकू कमी येतं. ऐकू न येणाऱ्या लेकराला मंद ठरवण्याएवढा दुसरा अन्याय नाही.

आता चौथा मुद्दा, ज्यासाठी मी एवढा वेळ बोलतो आहे. ती मुलगी पडली तरी रडली नाही, रात्री उठली तरी रडली नाही, कुणाकडेही गेली. का? लेकरू रडतं ते कुणीतरी येईल या भरवशावर. रडून रडून कुणी आलं नाही, की ते रडणं सोडून देतं. आणि ज्याला एक माणूस आपलं नाही, त्याला सगळी माणसं सारखीच असतात. म्हणून ते कुणाकडेही जातं.

यावर जगात खात्रीचा पुरावा आहे. 1989 मध्ये रुमानियातली राजवट कोसळली आणि तिथल्या अनाथालयांतल्या हजारो लेकरांची दैना जगाला दिसली. तिथून ब्रिटनमध्ये दत्तक गेलेल्या 165 मुलांचा ब्रिटिश बालमानसतज्ज्ञ मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठेपणापर्यंत अभ्यास केला. शेजारी तुलनेला ब्रिटनमधलीच 52 दत्तक मुलं घेतली. रुमानियातून आली तेव्हा निम्म्याहून जास्त मुलं भयंकर कुपोषित होती. जी सहा महिन्यांच्या आत घरी आली, ती चार वर्षांची होईपर्यंत जवळजवळ पूर्ण बरोबरीला आली. जी त्याहून उशिरा आली, तीही खूप सुधारली, पण त्यांच्यातल्या काहींच्या अडचणी दीर्घकाळ टिकल्या. पुढे 2000 साली बुखारेस्टमध्येच दुसरा अभ्यास सुरू झाला. संस्थेतली 136 लेकरं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निम्मी कुटुंबांत ठेवली, निम्मी होती तिथेच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी वाढली, भीती कमी झाली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला. औषध एकच होतं, घर.

म्हणजे पुरावा दोन गोष्टी सांगतो. घरी गेलेलं लेकरू सावरतं, आणि जेवढं लवकर जाईल तेवढं जास्त सावरतं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. पहिली विसरलो तर चार वर्षांच्या मुलाला कुणी घर देणार नाही. दुसरी विसरलो तर कागदांच्या ढिगाखाली लेकराचे महिने जातील.

मग आईबापांनी काय करायचं? पहिले काही महिने भरवायचं, न्हाऊ घालायचं, झोपवायचं ते फक्त त्या दोघांनीच. आजी-आजोबांना, काकू-मामींना राग येतो. मला ठाऊक आहे, आपल्याकडे मूल घरी आलं की घर भरतं. सत्यनारायण होतो, बारसं होतं, प्रत्येकाला लेकरू मांडीवर हवं असतं. त्या आजीला माझं हात जोडून सांगणं आहे, की आजी, थोडं थांबा. तुमच्या मांडीवर ते पुढे आयुष्यभर खेळेल. आज त्याला एवढंच शिकू द्या, की भूक लागली की हीच बाई येते आणि पडलो की हाच माणूस उचलतो. स्वयंपाकाला मदत करा, घर सांभाळा, धुणं धुवा. लेकराला आईकडे राहू द्या.

आणि मग एक दिवस येतो. तीन महिन्यांनी, पाच महिन्यांनी, केव्हाही. आई दाराबाहेर पाऊल टाकते आणि ती मुलगी मोठ्याने रडते. पाहुण्याने उचललं तर किंचाळते, हात आईकडे करते. आई फोनवर रडवेली होऊन विचारते, “डॉक्टर, हिचं काय बिघडलं? आधी किती शांत होती!” अशा आईला एकच उत्तर असतं, पेढे वाटा! तुमची मुलगी घरी आली. विमानतळावर ती फक्त उतरली होती, घरी ती आज आली. वजन, उंची, ठोकळे, शब्द ही सगळी मापं मोलाची आहेत. पण या सगळ्यांच्या वर एक माप आहे. लेकरू संकटात कुणाला शोधतं? ज्या दिवशी ते एका माणसाला शोधू लागतं, त्या दिवसापासून बाकीच्या मापांना जोर चढतो. खेळ वाढतो, बोलणं वाढतं, झोप लागते. मूळ हे आहे, बाकी फांद्या.

आता मी जमनालालजींकडे परत येतो. बच्छराजांच्या घरी त्यांना काही कमी नव्हतं. पण सतरा वर्षांचे असताना आजोबा रागावून टाकून बोलले. त्या मुलाने काय केलं? तुमच्या संपत्तीतलं मला काही नको, असं पत्र लिहून तो घर सोडून निघाला. शेठजींना पश्चात्ताप झाला, त्यांनी त्याला परत आणलं. पत्र 1907 सालचं आहे आणि आजच्या प्रत्येक दत्तक आईबापाने त्याचा बोध घ्यावा. आम्ही तुला घेतलं, तुझ्यावर उपकार केले, हे वाक्य लेकराच्या कानावर कधीही पडता कामा नये. पुढे 1920 साली नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी याच जमनालालजींनी गांधीजींना विनंती केली, मला तुमचा पाचवा मुलगा माना. एकदा दत्तक गेलेला माणूस स्वतःहून पुन्हा दत्तक गेला! पहिल्या वेळी त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या वेळी बाप त्यांनी स्वतः निवडला. दत्तक घेताना लेकराला विचारता येत नाही, ते फार लहान असतं. म्हणून त्याचा खरा होकार पुढे कधीतरी मिळतो, आणि तो मिळावा असं आपण वागायचं असतं.

त्या काळी वंश चालवायला मूल शोधत. आजचा कायदा मुलासाठी घर शोधतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1874 साली एका विधवेचं बाळ दत्तक घेतलं, तेव्हा त्यांनी हेच केलं होतं. तो यशवंत डॉक्टर झाला, 1897 च्या प्लेगात आईबरोबर रोग्यांची सेवा करत उभा राहिला. आणि घर शोधणारा हा कायदा सहज आलेला नाही. परदेशी दत्तकात गैरव्यवहार होतात अशी तक्रार लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात नेली. 1984 साली न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला आणि आधी देशातच घर शोधायचं, मग परदेशात, असा दंडक घातला. भारताने 2003 साली परदेशी दत्तकाविषयीच्या हेग कराराला मान्यता दिली. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं. बाबा फरीदांच्या या गावात ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण दत्तक हा आपल्यासाठी नाहीच, असं अजून पुष्कळांना वाटतं. 2022 पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. परदेशात गेलेल्या लेकराचा अहवाल पहिल्या वर्षी दर तिमाहीला आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी यावा लागतो.

हे अहवाल कशासाठी? कागद भरण्यासाठी नव्हेत. तीसेक वर्षांनी एखादी तरुणी स्टॉकहोमहून किंवा ॲमस्टरडॅमहून येते, शिशुगृहाच्या पायरीवर उभी राहते आणि विचारते, मी कुठली? तिला उत्तर देणारं रजिस्टर हवं. नेदरलँड्सने 2021 साली परदेशी दत्तक थांबवलं, ते जुन्या काळातल्या खोट्या कागदांचा छडा लागल्यावर. लेकराचा इतिहास लेकराच्या मालकीचा आहे, तो खरा ठेवणं आपलं काम आहे. आणि आईबापांनी तो त्याला लहानपणापासून सांगावा. “तू माझ्या पोटातून नाही, दुसऱ्या आईच्या पोटातून आलास, आणि आम्ही तुला घ्यायला आलो”, एवढं तीन वर्षांच्या पोरालाही समजतं. न सांगितलेलं गाव सांगतं, आणि गाव वाईट रीतीने सांगतं.

शेवटी आपलं काम काय, तेवढं बोलून मी थांबतो. 2024-25 या वर्षात देशभरात साडेचार हजारांच्या आसपास लेकरं कायद्याने दत्तक गेली. दुसरीकडे घर द्यायला तयार असलेली हजारो जोडपी तीन-तीन वर्षांहून अधिक वाट बघतात. घरं आहेत, लेकरंही आहेत. मग अडतं कुठे? अनेक लेकरं कायद्याच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत. कुणी झुडपात टाकतं, कुणी नात्यात गुपचूप देतं, कुणी दवाखान्यातून परस्पर सौदा करतं.

मायबहिणींनो, बापहो, गावात एखादी मुलगी अडचणीत असेल, तिला बाळ वाढवणं खरोखर शक्य नसेल, तर तिला दोष देऊ नका, एकटं पाडू नका. कायद्याने ती बाळ बालकल्याण समितीकडे सोपवू शकते. तिचं नाव गुप्त राहतं. विचार बदलायला तिला दोन महिने मिळतात. टाकलेलं लेकरू दिसलं तर घरी ठेवून घेऊ नका, कुणाला देऊ नका, मुलांच्या मदतीसाठी असलेल्या 1098 या नंबरवर फोन करा. दोन वर्षांच्या आतलं लेकरू दोन महिन्यांत दत्तकासाठी मोकळं जाहीर करावं, असं कायदा सांगतो. त्याच्या घरचा पहिला दिवस किती लवकर येईल, हे आपल्या त्या एका फोनवर ठरतं. अंगणवाडीच्या ताईंनो, आशाताईंनो, हा नंबर आजच्या आज अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. आणि तुमच्या गल्लीत कुणी मूल दत्तक आणलं, तर ते कुणाचं हे विचारू नका. जेवलं का, एवढंच विचारा.